वारा पाठीवर घेजो

अमरावतीला विमानातून उतरले, की शेतांकडून तुरीच्या भुशाचा वास येतो आणि माझं तोंड कडू होतं.

अकोल्याच्या धावपट्टीवर मी पहिल्यांदा एकटीनं विमान उडवणार होते. बाबा बघायला आले होते. जन्मभर तूर उपणलेला माणूस. मूठभर माती हवेत सोडून म्हणाले, "वारा पाठीवर घेजो बाई, डोयात भुसा जात नाही."

माझ्याबरोबर शिकणारे सगळे हसले. विमान वारा तोंडावर घेऊन उडवतात, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी खेकसले, "बाबा, तुमाले काय समजते त्यातलं?"

त्यांनी हाताची माती धोतराला पुसली.

नियम माझाच बरोबर होता. पायलट झाल्यावर मी त्यांना माझ्याच विमानाचं तिकीट पाठवलं. ते आले नाहीत. फोनवर म्हणाले, "मले काय समजते त्यातलं?"