दुसरीच्या कोपराला धरून

लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत आमच्या ह्यांनी चारचौघांत कधी माझा हात धरला नाही. निपाणीत सासूबाईंसमोर नाही, आणि बेंगळुरूत येऊन राहिल्यावर इथं कुणी ओळखीचं नव्हतं तरी नाही. आणि जयनगरच्या त्या म्युझियममध्ये हाच माणूस एका परक्या बाईच्या कोपराला धरून, हसत हसत माझ्या पुढ्यातून निघून गेला. मला बाकावर बसवलं होतं, मी बसून राहिले.

कोपराला धरायची पद्धतच आहे म्हणे. नजर गेलेल्या माणसाला ओढून न्यायचं नसतं, आपला कोपर पुढं करायचा आणि तो धरून त्यानं आपल्या चालीनं यायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांची नजर काचबिंदूनं हळूहळू गेली, यशवंतपूरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातली नोकरी सुटली, तेव्हापासून मी ह्यांना मनगटाला धरूनच नेत आलेय. मेट्रोत, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडं. सुरक्षित नेलं की नाही ते विचारा.

आणि नुसतं नेलं नाही, जग दाखवलं. रोज सकाळी गॅलरीत चहा घेताना मी बोलायला लागायची. समोरच्या अक्कांनी आज पुन्हा ती भयंकर पोपटी साडी काढलीय. खालचे अण्णा गाडी पुसतायत, बायको चिडलेली दिसते, नाहीतर सकाळी सकाळी कोण गाडी पुसतंय. हे गालातल्या गालात हसायचे आणि म्हणायचे, "आणखी काय दिसतंय?" त्या एका प्रश्नावर माझा दिवस निघायचा. खोटं कशाला बोलू, आंधळेपणानं ह्यांना माझ्या इतकं जवळ आणून ठेवलं होतं की मला त्यात सुखही वाटायचं.

त्या म्युझियमात मीच नेलं ह्यांना. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. डोळ्यांच्या दवाखान्यात एका बाईनं सांगितलं, जुन्या बंगल्यातलं छोटंसं म्युझियम आहे, घरगुती वस्तू आणि बाहुल्या आहेत, आणि शनिवारी ज्यांना दिसत नाही त्यांना वस्तू हातात देतात. म्हटलं, चला, तेवढंच बाहेर पडणं होईल. दारात उतरण होती, पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी होती, आणि ओळखपत्र गळ्यात अडकवून ती उभी होती.

मारतहळ्ळीला राहणारी, कुठल्याशा आयटी कंपनीतली, मूळची पुण्याची. शनिवारी इथं फुकट काम करायला यायची. आम्ही मराठी म्हटल्यावर तिला कोण आनंद. "मॅडम, तुम्ही इथे रिलॅक्स करा ना. सरांना मी नेते. त्यांना इंडिपेंडंटली एक्स्प्लोर करू दे." मग ह्यांच्याकडं वळून, अगदी मऊ आवाजात, "सर, मी कोपर पुढे करू का? चालेल?" सर म्हणे. आणि सरांना चाललं.

बाकावरून मला सगळं ऐकू येत होतं. "सर, तुमच्यासमोर लाकडी बाहुल्यांची जोडी आहे. साधारण हातभर उंच. डावीकडे राजा, उजवीकडे राणी. दोघांचे हात सरळ खाली आहेत." दसऱ्याला इकडं घरोघरी मांडतात तसली जोडी. राणीच्या तोंडावर काय भाव होता ते सांगितलं का तिनं? नाही. हे मात्र पुजाऱ्याकडून तीर्थ घ्यावं तसे हात पुढं करून उभे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग दर शनिवारी तेच. शुक्रवारपासूनच शर्टाची चौकशी. निळा धुतला का, बारीक चौकड्यांचा कुठं आहे. ज्या माणसाला आपण काय घातलंय ते दिसत नाही, त्याला कुणाला दाखवायचंय हो? मी मुद्दाम तो विटका खाकी काढून द्यायची. तर तिथं गेल्यावर ही बया म्हणते, "सर, आज छान दिसताय."

घरी आलं की तिचंच पारायण. ती म्हणाली, आधी आकार सांगावा. ती म्हणाली, मग डावीकडून उजवीकडं जावं. ती म्हणाली, जे आहे ते सांगावं, आपलं मत मध्ये घालू नये. मी भाकऱ्या थापत ऐकून घ्यायची. तव्यावरची भाकरी जरा जास्तच भाजली जायची.

आणि एका सकाळी ते घडलं. मी गॅलरीत नेहमीसारखी सुरुवात केली, कोपऱ्यावर तो लबाड रिक्षावाला आलाय, आज कुणाला गंडवतोय बघू. तर हे कप खाली ठेवून म्हणाले, "लबाड ते राहू दे गं. रिक्षा कुठल्या बाजूला उभी आहे, माणूस काय करतोय, तेवढं सांग."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. मी म्हटलं, सरी, बरं, नाही सांगत. आणि तोंडाला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी चहा दिला, शेजारी बसले, एक शब्द बोलले नाही. वाटलं, विचारतील. नाही विचारलं. तिसऱ्या दिवशीही नाही. रस्त्यावर इतकं काय काय चाललेलं असायचं आणि मी ते एकटीच बघायची. ह्यांना माझ्या डोळ्यांची गरज संपली, हे एकदा मनात शिरलं ते निघेना. रात्री कूस बदलली की तिचा तो मऊ आवाज कानात यायचा.

अशातच तिचा फोन आला. म्युझियममध्ये सोबत येणाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचं शिक्षण आहे, सोबत कशी करायची ते शिकवणार. अर्धा संसार झाल्यावर मला ही सोबत करायला शिकवणार. नाहीच म्हणणार होते. पण मग वाटलं, जाऊन बघू तरी, हिच्याजवळ असं काय आहे जे माझ्याजवळ नाही.

ह्यांना घेऊन गेले. आणखी चारपाच जण होते, कुणाची आई, कुणाचा भाऊ. तिनं आधी कोपराचं सांगितलं, मग पायरी आली की कसं थांबायचं ते सांगितलं. मी चेहरा कोरा ठेवला. मग ती काळ्या पट्ट्या घेऊन आली. म्हणाली, आता उलटं करू या, सोबत्यांनी डोळे बांधायचे आणि त्यांच्या माणसानं त्यांना फिरवायचं. इथला कोपरान् कोपरा आता ह्यांना पाठ होता. माझे डोळे तिनंच बांधले, आणि तिच्या हाताला चंदनाच्या साबणाचा वास होता, तोसुद्धा मला सहन झाला नाही.

काळोख झाला आणि पाय उचलेना. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, अगदी जवळून. "धर कोपर. घट्ट नको, मी कुठं पळून जात नाही." इतक्या लोकांत. मी धरला.

हे सावकाश चालत होते, मी मागून. तिची पावलं आमच्या मागं वाजत होती. एके ठिकाणी थांबले, माझा हात उचलून एका गुळगुळीत लाकडावर ठेवला आणि सांगायला लागले.

"लाकडी जोडी आहे. हातभर उंच. डावीकडं राजा, उजवीकडं राणी."

तिचंच वाक्य, शब्दाला शब्द. हात काढून घेणार तेवढ्यात ह्यांनी तो हळूच राणीच्या गालावर नेला.

"गाल बघ कसे फुगवलेत. बाईसाहेब रुसल्यात. ह्या शहाण्यानं काहीतरी बोलून ठेवलंय नक्की. आणि बोलून वर कसा उभा आहे बघ, नाकासमोर बघत. शेजारी बायको बोलेनाशी झालीय आणि ह्याला विचारायचं कसं ते कळेना. सकाळचा चहासुद्धा कडू लागतोय मेल्याला."

मागून ती हसत म्हणाली, "सर, हे डिस्क्रिप्शन नाही हं, हे तुमचं ओपिनियन झालं."

"असू दे मॅडम," हे म्हणाले. "आमच्या घरात असंच सांगतात."

पट्टीच्या आत माझे डोळे भरून आले. कुणाला दिसत नव्हतं तेच बरं. तिनं विचारलं, "मॅडम, झालं ना? पट्टी सोडू?"

मी म्हटलं, "स्वल्प थांबा." मग ह्यांचा कोपर घट्ट धरला, अगदी शिकवलं होतं त्याच्या उलट, आणि खालच्या आवाजात म्हटलं, "अहो, तिला जरा लांब जाऊ द्या. मग सांगा, आणखी काय दिसतंय?"