मुर्मान्स्कच्या वाटेवर

मॉड स्टॅदर्सला राजकारणातलं काही कळत नाही असं गल्लीत सगळे म्हणत, आणि मॉडही तेच म्हणे. इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या हेसल रोडच्या गल्ल्यांत बायकांना कळायचं ते मासळीचा भाव, वाऱ्याची दिशा आणि कोणाच्या बोटीला परतायला उशीर होतोय ते. मॉड मासेमारीची जाळी विणायची. मागच्या अंगणात भिंतीला दांडा ठोकलेला, त्यावर जाळं टांगलेलं, हातात लाकडी सुई. सुतळीने बोटांना असे घट्टे पडले होते की चुलीवरची किटली ती फडक्याशिवाय उचलायची. नवरा आर्थर लढाईच्या कितीतरी आधी आइसलंडच्या बाजूला बोटीसकट बुडाला. मागे राहिला एकुलता एक क्लिफ. वयात आल्यावर तोही बोटीवरच गेला. त्या गल्लीतल्या मुलांना दुसरं काही करता येतं हे कोणी सांगितलेलंच नव्हतं.

रशियाबद्दल लोकांचं मत काय आहे हे कळायला मॉडला वर्तमानपत्र लागत नसे. जिप्सनच्या दुकानात गेलं की झालं. हर्बर्ट जिप्सन किराणा विकायचा, गल्लीच्या चॅपेलचा, म्हणजे छोट्या चर्चचा, कारभार बघायचा आणि गल्ल्याशेजारी मदतीसाठी एक पत्र्याचा डबा ठेवायचा. लढाईच्या पहिल्या हिवाळ्यात रशियाने फिनलंडवर हल्ला केला, तेव्हा डब्यावर कागद होता, ‘फिनलंडच्या शूर जवानांसाठी’. बायकांनी त्यांच्यासाठी मोजे विणले आणि विणता विणता रशियाला शिव्या मोजल्या. पुढे हिटलर रशियावर उलटला आणि जिप्सनने त्याच डब्यावर नवा कागद डकवला, ‘रशियाच्या शूर जवानांसाठी’. लोकर तीच, सुया त्याच, बायकाही त्याच. रशियाचा सर्वेसर्वा स्टॅलिन एकाएकी सगळ्यांचा ‘जो काका’ झाला. कोळसेवाल्याने तर घोड्याचं नावच स्टॅलिन ठेवलं.

“नेली, आपल्याला काही लाज?” मॉडने एकदा शेजारच्या नेली फर्थला विचारलं. “काल-परवापर्यंत मरा मेल्यांनो म्हणत होतो त्यांना.”

“काल-परवापर्यंत ते आपल्या बाजूने मरत नव्हते,” नेली म्हणाली. “विण गुमान. टाच वाकडी जातेय तुझी.”

अशात क्लिफ मालवाहू जहाजावर लागला, आणि ते जहाज रणगाडे आणि पीठ घेऊन रशियाच्या मुर्मान्स्क बंदराला गेलं. वरून जर्मन विमानं, खालून जर्मन पाणबुड्या, आणि डेकवर एवढा बर्फ साचायचा की कुऱ्हाडीने फोडावा लागे. त्या पहिल्या फेरीतून तो वसंतात धडधाकट परत आला. तो स्वयंपाकघरात बसून चरबी लावलेल्या पावाचे तुकडे तोंडात कोंबत असताना नेली बातमी काढायला हजर झालीच.

“मग? कसे आहेत रे रशियन?”

“कसले काय, मावशी. आम्ही जीव मुठीत धरून त्यांच्यासाठी माल नेला आणि धक्क्यावर पाय ठेवला तर पहारेकऱ्याने छातीला बंदूक लावली. पोरगाच होता, माझ्याएवढा. आमचे खिसे तपासले. माझी सिगारेटची डबी घेतली ती घेतलीच. आभार तर सोडाच.”

“मेला,” नेली म्हणाली, आणि भट्टीत पाव करपेल म्हणून लगबगीने घरी गेली.

उरलेलं एकट्या मॉडने ऐकलं. माल उतरवायला बायका होत्या, क्लिफने सांगितलं. त्यातली एक मॉडच्या वयाची, हातमोजे नाहीत म्हणून हाताला गोणपाट गुंडाळलेली. पिठाचं एक पोतं फुटलं, तर तिने बर्फावरचं पीठ ओंजळीने गोळा करून परत पोत्यात भरलं. “गालफडं बसलेली तिची, पण एक चिमूटभर तोंडात नाही टाकलं, आई. मी माझा पाव तिच्यापुढे धरला. ती घेईना. पहारेकऱ्याकडे बघत राहिली. त्याने माझ्याकडे बघितलं, पावाकडे बघितलं, आणि पाठ फिरवून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. तिने पाव कोटात घालेपर्यंत हलला नाही.”

“त्याचं लक्ष नसेल.”

“मुद्दाम वळला तो. कोणी बघितलं असतं तर त्याचीच मान गेली असती.” क्लिफने बोटं चाटली. “जाड हातमोज्यांची एक जोडी विणून ठेव. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. पुन्हा भेटली तर देईन.”

मॉडने विणले. उन्हाळा सरताना तो दुसऱ्या फेरीला निघाला. हात हलवला की लाट नेते, कपडे धुतले की माणूस वाहून जातो, या गल्लीच्या समजुतीप्रमाणे ती दाराशी येऊन हात हलवायला उभी राहिली नाही आणि त्या दिवशी तिने कपडेही धुतले नाहीत. इतकं सगळं पाळूनही तार आली. जहाज मुर्मान्स्कच्या वाटेवर बुडालं होतं, कोणी वाचलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात चॅपेलच्या सभागृहात रशियासाठी मदतीचा सप्ताह झाला. मॉडने दोन शब्द बोलावे म्हणून जिप्सन तिच्या घरी आला. तो वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले होते. “काहीतरी आपुलकीचं सांगा, मिसेस स्टॅदर्स,” तो म्हणाला. “लोकांना आपुलकी वाटली पाहिजे.”

मॉड उभी राहिली. क्लिफने सांगितलेल्यातून तिने बंदूक गाळली, सिगारेटची डबी गाळली. पहारेकरीच गाळला म्हटल्यावर त्याचं पाठ फिरवणंही गेलं. राहिली फक्त ती बाई, तिचं गोणपाट आणि पाव. समोर शंभर माणसं तिच्याकडे बघून माना डोलावत होती, बायका डोळे पुसत होत्या. तार आल्यापासून तिला इतकी ऊब कुठेच मिळाली नव्हती. “आणि त्या बाईने माझ्या क्लिफच्या हाताचा मुका घेतला,” ती म्हणून गेली. टाळ्यांनी सभागृह दुमदुमलं. मुका कोणीच घेतलेला नव्हता. तरी त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

मग लढाई संपली आणि जो काका हळूहळू काका राहिला नाही. रशियाने बर्लिनची वाट अडवली, वर्तमानपत्रांचे मथळे बदलले. सिनेमाघरात पूर्वी रशियन रणगाडे दिसले की टाळ्या पडत, आता त्याच खुर्च्यांतून हुर्यो ऐकू येऊ लागली. जिप्सनच्या डब्यावरचा कागद खरवडला गेला. कोळसेवाल्याने घोड्याचं नाव बदलून प्रिन्स केलं, पण घोडं जुन्याच नावाला थांबायचं. त्यामुळे बिचाऱ्याला भररस्त्यात दबक्या आवाजात स्टॅलिन म्हणावं लागे. माणसांची मतं बदलतात यात काही गैर नाही. मॉडचंही बदललं होतं, दोनदा. पण आपलं मत बदललं हेच लोक विसरून जातात, जणू जन्मापासून आपण हेच म्हणत आलो, याची तिला मनस्वी चीड यायची.

आणि एक दिवस मासळीच्या दुकानात तिच्या पुढची बाई म्हणाली, “आपली पोरं त्या राक्षसांना खाऊ घालायला गेली आणि फुकट मेली.” मग मागे मॉड उभी आहे हे तिच्या लक्षात आलं. “तुमच्या क्लिफबद्दल नाही हं म्हणाले मी,” ती घाईने बोलली. मॉडने मासे न घेताच घर गाठलं. पोरगा गेला हे तिने कसंबसं पचवलं होतं. तो फुकट गेला हे तिला पचेना.

लढाईत गेलेल्या गल्लीतल्या मुलांच्या नावाची संगमरवरी पाटी चॅपेलात लावायची असं ठरलं, ते त्याच सुमारास. प्रत्येकाचं नाव आणि पुढे तो कुठे पडला ते ठिकाण. नेलीच्या थोरल्यापुढे डंकर्क होतं, दुसऱ्या कोणापुढे इटली. क्लिफच्या नावापाशी मंडळी अडली. जिप्सन पुन्हा मॉडच्या अंगणात आला. ती जाळ्यापाशी उभी होती. तिने सुई थांबवली नाही.

“आम्ही विचार केला, मिसेस स्टॅदर्स, की नुसतं ‘समुद्रात’ लिहावं. किती शोभतं ते.”

“समुद्रात माझा नवरा गेला. ह्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे नवरे समुद्रात गेलेत. माझा मुलगा मुर्मान्स्कच्या वाटेवर गेला. तारेत तसंच आहे.”

“पण रशियाचं नाव चॅपेलच्या भिंतीवर… देणगीदार कुरकुरतायत हो. दिवस कसे आहेत, तुम्ही बघताय.”

“दिवस तेव्हाही होते. तेव्हा तुम्हीच मला त्या सभागृहात उभं केलंत.”

जिप्सनचा चेहरा उतरला. टोपी हातात फिरवत, आवाज खाली आणून तो म्हणाला, “एक वाट आहे. मिसेस फर्थ सांगत होत्या की क्लिफला तिथे फार वाईट वागवलं होतं. बंदूक वगैरे लावली होती. बैठकीत तेवढं सांगा. ते लोक कसे आहेत हे आपल्याच मुलाने ओळखलं होतं असं कळलं की कोणी हरकत घेणार नाही. ठिकाण पाटीवर येईल, मी जबाबदारी घेतो.”

तो गेल्यावर मॉड तशीच उभी राहिली. त्याने खोटं बोलायला सांगितलेलं नव्हतं. जे सांगायचं ते अगदी खरं होतं. क्लिफला ना थडगं, ना फुलं ठेवायला जागा. तेवढा एक शब्द भिंतीवर आला, तर निदान बोट ठेवून म्हणता येईल, माझा मुलगा इथे आहे. त्यासाठी एक खरी गोष्ट सांगायची, एवढंच.

बैठक चहानंतर झाली. मॉड उठली. बंदुकीचं सांगितलं, खिसे तपासल्याचं सांगितलं. सिगारेटच्या डबीपाशी आली तेव्हा समोरची डोकी डोलायला लागली होती. तीच डोकी. काही जरा पांढरी झाली होती, पण डोलण्याची तऱ्हा तीच. आणि तीच ऊब पुन्हा तिच्या अंगावर आली. जिप्सन मान हलवून तिला खुणावत होता, झालं, बसा आता. खाली बसलं की शब्द मिळाला. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिला क्लिफ दिसला, पाव खाता खाता सगळं सांगणारा, आणि तिने दोन्ही वेळा अर्धाच सांगितलेला.

“अजून आहे,” ती म्हणाली. “हाताचा मुका घेतला असं मी इथेच सांगितलं होतं. ते खोटं होतं. मीच जोडलं.” मग तिने पिठाचं पोतं सांगितलं, पाव सांगितला, आणि ज्या पोराने बंदूक लावली तोच पोरगा पाठ फिरवून समुद्राकडे कसा बघत राहिला तेही सांगितलं. “दोन्ही त्याच माणसाने केलं. माझ्या क्लिफने दोन्ही सांगितलं होतं, एकाच जागी बसून. मी मात्र तुम्हाला जे आवडेल तेवढंच वाढलं.”

सभागृह गार पडलं. मागून कोणीतरी म्हणालं, “तेव्हा खोटं बोललात, मग आज खरं कशावरून?” दुसरा म्हणाला, “हे तर त्यांची तरफदारी करणं झालं.” पहिल्याचं म्हणणं मॉडला चूकही म्हणता येत नव्हतं.

हात वर करून मत घेतलं. मॉडच्या बाजूने दोन-चारच हात वर झाले. नेलीचे हात मांडीवरच राहिले. तिचा धाकटा पोलिसात भरती होणार होता, आणि आईने रशियाची बाजू घेतली असं कळलं असतं तर त्याला घेतलं नसतं.

दोघी बरोबरच घरी निघाल्या. “हातात आलं होतं गं तुझ्या,” नेली रडवेली होऊन म्हणाली. “बसायचं होतंस की खाली.”

“अर्ध्या गोष्टीवर मिळालं असतं ते त्याचं नसतं,” मॉड म्हणाली. नेलीवर ती रागावली नव्हती. थकली होती फक्त.

नोव्हेंबरात पाटी बसली. काळ्या कपड्यांत गल्ली चॅपेलात जमली. जिप्सन एकेक नाव आणि ठिकाण वाचत होता, आणि नाव आलं की त्या घरची माणसं मिनिटभर उभी राहत होती. डंकर्कला नेली उभी राहिली.

“क्लिफर्ड स्टॅदर्स,” जिप्सनने वाचलं. “समुद्रात.”

मॉड उभी राहिली. शेजारी उभं राहायला तिचं कोणी नव्हतं.

“मुर्मान्स्कच्या वाटेवर,” ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. कोणीतरी खाकरलं. काही जण हातातल्या प्रार्थनेच्या पुस्तकात बघू लागले. जिप्सन पुढच्या नावावर बोट ठेवून थांबला. ती बसली की पुढचं वाचायचं म्हणून तो वाट बघत राहिला, आणि मॉडने बसायची घाई केली नाही.