आत्याला ऐकू येत नसे

जिच्या बहिरेपणाला अख्खं गाव घाबरतं अशी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. ती माझी आत्या. भाईंदरच्या खाडीपासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत तिच्याइतके तिखट कान कुणाचे नव्हते, आणि लग्नाच्या मांडवात तिच्याइतकं ठार बहिरंही कुणी नव्हतं.

आत्या धवलारीण. म्हणजे आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं एक गाणं, आणि ते झाल्याशिवाय घरातल्या बाया लग्न लागलं असं मानतच नाहीत. एरवी मिठागरावर टोपल्या वाहणारी आत्या त्या दिवशी भटजींच्या बरोबरीने पाटावर बसे. सगळी गाणी तोंडपाठ, लिहिलेलं एक अक्षर नाही. कानांचं तर विचारूच नका. मिठागराच्या त्या टोकाला मुकादम काही पुटपुटला की या टोकाहून आत्याचं उत्तर जाई. एकदा शेजारीण आपल्या चुलीपुढे आत्याबद्दल सुनेच्या कानात म्हणाली, "बायच्या कालवनान मीठ लय असतं." कुडापलीकडून लगेच आवाज आला, "अगो, जलम मिठान गेला माजा! तुना अलनी पायजे त आजाऱ्याच्या पंगतीला बस!" चेण्याला एका लग्नाला निघालो होतो, तर बैलांची घुंगरं तालात वाजत नाहीत म्हणून ती भर वाटेत गाडीतून उतरली आणि पायी चालू लागली. सोबत आम्हालाही चालवलं. गाडीवान काकुळतीला येऊन म्हणाला, "बाय, बैलाला काय ताल कलतो?" ती म्हणाली, "मंग गला कशाला बांधल्यान घुंगरं?"

अशी ही बाई बहिरी कशी झाली, ते सांगतो. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याच आळीत एक लग्न होतं, वैशाखातलं, भर दुपारचं. सनई आणि संबळ वाजवणारे नेहमीप्रमाणे मांडवाच्या बाहेर, उन्हात बसले होते. ते गावाबाहेरच्या वस्तीतले, गाव ज्यांना अस्पृश्य म्हणतं ते. त्यांच्या फुंकरीने लग्न मंगल होतं, पण त्यांच्या सावलीने मांडव बाटतो! हे तर्कशास्त्र कुणी शोधलं त्याला मला एकदा समोरासमोर भेटायचं आहे. सनईवाला म्हातारा होता. सनईची पत्ती ओली असावी लागते. सुकली की सूर फाटतो. म्हाताऱ्याने दोनदा पाणी मागितलं. पाणी कोण वाढणार, कुठल्या भांड्यातून, किती उंचावरून ओंजळीत ओतणार, यावर चार शहाणी माणसं बोलत राहिली आणि मुहूर्त आला. ऐन अक्षतांच्या वेळी सनईचा सूर चिरकला. मग ज्यांनी पाणी दिलं नव्हतं तेच त्याच्या अंगावर धावून गेले. "अपशकुन केलास!" म्हणाले. म्हातारा मान खाली घालून पत्ती जिभेवर फिरवत राहिला. त्या जिभेलाही ओल नव्हती.

आत्या गाता गाता थांबली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने कानावर हात ठेवला आणि म्हणाली, "मना आयकू येत न्हाय."

"काय ऐकू येत नाही?"

"सनई. लांब हाय. सूर आयकल्याबिगर मी गाव कशी?"

त्या दिवशी वाजंत्र्यांना पाणी मिळालं आणि ते उन्हातून उठून दहा पावलं पुढे आले. तेव्हापासून आत्याचं बहिरेपण दर लग्नसराईत बळावत गेलं. कुणाच्या मांडवात वाजंत्री कुंपणाशी असले की तिला कुंपणापर्यंतचं ऐकू येत नसे. पडवीच्या कडेला आणले की पडवीपर्यंतचं येत नसे. "आजून जवल. आजून. माजा कान म्हातारा झाला बाबा." यजमान घामाघूम, भटजी घाईला आलेले, आणि ही पाटावर ढिम्म. आमच्या गावातली अस्पृश्यता अशी हाताहाताने मागे सरकली. काही मांडवांत तर वाजंत्री थेट तिच्या पाटाशेजारी येऊन बसले, आणि आभाळ कोसळलं नाही.

मी तोवर समतेवर पत्रकं लिहून वाटू लागलो होतो. एक तिला वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "बरा लिवलास," ती म्हणाली. "पन यो वाचून कोन कोनाला मांडवान बोलावलान रं?" मी त्यावर रागावलो.

तिचा कान धर्म पाहून बहिरा होत नसे, हेही नोंदवतो. उत्तनच्या एका किरिस्तांव घरात जुने धवले आठवणारी एक म्हातारी होती. तिच्या हौशीखातर त्यांनी आत्याला बोलावलं. क्रूस, व्हायोलिन आणि आमचे धवले एका मांडवात! गाणी तीच, फक्त नवरीच्या नावाच्या जागी मारिया. बाया डोळे पुसत होत्या. पण सनई-संबळवाले इथेही फणसाखाली.

"मना आयकू येत न्हाय," आत्या म्हणाली.

नवऱ्याची आई दुखावली. "आमच्यान तसला कय न्हाय गो बाय. उनाचा तरास नको म्हनून त्यांना झाराखाली बसवलाय."

"मंग नवऱ्यालाबी बसव की झाराखाली. त्याला कशाला उनाचा तरास?"

सगळे हसले, ती आईही हसली, आणि व्हायोलिनवाल्याने बाकावर सरकून जागा केली. मी त्या दिवशी मनात म्हटलं, बदलतंय, हे सगळं बदलतंय.

मग आमच्या पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. हा गृहस्थ खादी घालतो, भाईंदरच्या बाजारात टेबलावर उभं राहून सगळी माणसं एक आहेत म्हणून सांगतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या होत्या. त्याच्या मांडवात वाजंत्री बाहेर, उन्हात. आत्याला ऐकू आलं नाही. पुढारी हसला. त्याने मुंबईहून भाड्याने आणलेला ग्रामोफोन पुढे सरकवला, सनईची तबकडी लावली आणि कर्णा तिच्या कानाशी धरला.

"आता येतंय ना ऐकू, बाय?"

आत्याने नीट ऐकलं. म्हणाली, "येतंय. पन याचा घसा बसलाय. यालाबी कोनी पानी दिलेला न्हाय वाटतं."

मग ती पाटावरून उठली, मांडवाबाहेर गेली, वाजंत्र्यांच्या शेजारी उन्हात बसली आणि तिथूनच धवला गायला लागली. आत तबकडी, बाहेर आत्या. मांडवातल्या बायांच्या माना वळल्या, पण उठलं कुणी नाही. नवरीची आजी एकटी उभी राहिली, तिला कुणीतरी हाताला धरून खाली बसवलं. आणि मी? माझ्या खिशात समतेचं पत्रक होतं, आणि मी खुर्चीवर बसून होतो. पुढाऱ्याचं ढोंग मी चार सभांत वेशीवर टांगलं असेल. माझं अजून कुठे लिहिलं नव्हतं, ते इथे लिहितो.

त्यानंतर तिला बोलावणं येईना. पुढाऱ्याच्या घरी तिच्याविना लग्न लागू शकतं, तर आपल्या घरी का नाही? ग्रामोफोन कुठलेही प्रश्न विचारत नाही, त्याला कुठेही ठेवता येतं. देश स्वतंत्र झाला, बाजारात मिठाई वाटली, आणि त्या लग्नसराईत आत्या एकाही मांडवात नव्हती. वाजंत्री पुन्हा मांडवाबाहेर, उन्हात गेले. मी तिला म्हटलं, "एकदा गप्प बसली असतीस तर?" ती म्हणाली, "गानारीनं गप बसाचा त गानार कोन?"

हल्ली ती मिठाच्या राशीला टेकून एकटीच धवले म्हणते, विसरू नयेत म्हणून. परवा मी जवळ बसून ऐकत होतो. नवरीच्या नावाची जागा आली की ती थांबते. एक नाव मावेल एवढी जागा मोकळी सोडते आणि मग पुढची ओळ घेते. मला ती मोकळी जागा ऐकवेना.

म्हणून मागणं आहे. तुमच्या घरी मुलगी लग्नाची असेल तर आमच्या मिठागरावर या आणि त्या मुलीचं नाव माझ्या आत्याला सांगा. येण्याआधी मांडवाच्या आत, पाटाशेजारी, वाजवणाऱ्यांसाठी एक चटई टाका.