काडीवाल्यांचा कान

आमच्या बाबांना सगळे काडीवाले म्हणतात. त्यांच्या खिशात पेन नसतं, एक लाकडी काडी असते, टोकाशी काळी पडलेली. गिटारचे जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर, म्हणजे अँप, दुरुस्त करताना ते ती काडी चालू अँपमध्ये घालतात, एकेक वायर हलवतात आणि आवाज कुठे बिघडतो ते ऐकतात. डावा हात पँटच्या खिशात. दोन्ही हात आत घातले आणि चुकून कुठे लागले, तर करंट छातीतून जायचा. दचकून हात कुठे लागला तरी धोका, म्हणून दुकानाचा नियम माझ्या लहानपणापासून एकच आहे. बाबांचा हात आत असताना त्यांच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. काय असेल ते तोंडाने सांगायचं.

आणि तोंडाने सांगितलेलं पुरायचं, कारण कान भलताच तिखट. आई आतल्या खोलीत पुटपुटली तरी बाहेरून उत्तर हजर. "या घरात धड एकटीने चिडताही येत नाही," असं ती म्हणायची.

आता ती खुशाल चिडते. मी हे थट्टेत म्हणतेय, पण मला रागच येतो. बाबांचा टीव्ही इतका मोठा की शेजारी घरबसल्या बातम्या ऐकतात, आणि दोष कोणाचा? "हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात." कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. मी त्याच दुकानात समोरच्या टेबलावर ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग करते. बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघतात, हे मला केव्हाच कळलं होतं. झाकली मूठ झाकलेली ठेवायची, असं आई नि मी ठरवून टाकलं होतं.

बँडवाले काका अँप घेऊन आले तेव्हा मात्र पंचाईत झाली. काका बाबांचे जुने दोस्त. हॉटेलांतून गिटार वाजवण्यात त्यांचे केस पिकले. त्यांच्या अँपला ट्रेमोलो आहे. ते बटण फिरवलं की सूर झोपाळ्यासारखा लहानमोठा होत राहतो. काका ट्रेमोलोशिवाय वाजवत नाहीत. लोक त्यांना त्या आवाजावरूनच ओळखतात.

"टिकटिक करतोय," काका म्हणाले. "ट्रेमोलो लावला की मागे कोणीतरी घड्याळ ठेवल्यासारखं. तूच बघ रे. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही."

बाबा खूश. त्यांनी व्हॉल्व्ह बदलून पाहिला, मग एक जुना कंडेन्सर काढून त्या जागी नवा कंडेन्सर डाख देऊन बसवला. ट्रेमोलो लावला, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "गेली."

कुठली जातेय! मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होती, टिक, टिक, टिक. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की माझी जीभ रेटेना.

काका आले, गिटार जोडली, वाजवू लागले. पहिल्या दोन सुरांतच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "वा! एकदम शांत झाला," काका मोठ्याने म्हणाले आणि पुढचं गाणं वाजवलं. भला माणूस. पण वाजवता वाजवता त्यांनी हळूच ट्रेमोलोचं बटण शून्यावर नेलं.

बाबांचे डोळे अजून शाबूत आहेत. त्यांनी तो हात पाहिला.

"राहू दे इथे," ते म्हणाले. "थोडं काम बाकी आहे."

काका गेल्यावर बराच वेळ ते पेचकस पुसत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाजतेय ना अजून?"

"हो."

"मोठी?"

"हो, बाबा." मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता.

"मग रडतेस काय? इकडे ये. मी काडी फिरवतो, तू ऐक. कमी झाली की सांग."

मला वाटलं, निघाला मार्ग. कान माझा, हात त्यांचा. दुकान चालेल, काडीवाले काडीवालेच राहतील. एवढं मला आधी का सुचलं नाही, म्हणून मी मनात स्वतःलाच फटकारलं.

त्यांनी अँप उघडून चालू केला, ट्रेमोलो लावला. डावा हात खिशात गेला. ते आत वाकले, नाक वायरींपाशी. मी स्पीकरसमोर बसले. ट्रेमोलोची वायर गिटारच्या आवाजाच्या वायरीला कुठेतरी खेटत असणार आणि तिथून टिकटिक झिरपत असणार, असा त्यांचा अंदाज. काडीने एक पिवळी वायर त्यांनी केसभर बाजूला सारली. टिकटिक बारीक झाली. अजून थोडी सारली, आणि गेली. नुसती अँपची मंद गुणगुण राहिली, स्वच्छ, डुलणारी.

"गेली!" मी म्हणाले.

काडी चालतच राहिली.

"बाबा, गेली! थांबा!"

ते थांबले नाहीत. त्यांची मान खाली होती, माझे ओठ त्यांना दिसत नव्हते. माझा हात त्यांच्या खांद्याकडे गेला आणि मधेच थबकला. बाबांचा हात आत होता. वायर पुढे सरकली, दुसरीला जाऊन टेकली, आणि टिकटिक पहिल्यापेक्षा जोरात सुरू झाली.

बऱ्याच वेळाने त्यांनी काडी बाहेर काढून वर पाहिलं.

"काय? कमी झाली का कुठे?"

"गेली होती, बाबा. पूर्ण गेली होती."

"मग सांगायचं नाही का मला?" ते खेकसले.

"सांगितलं," मी म्हणाले. "ओरडून सांगितलं."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं, पण ते त्यांना नीट कळलं होतं. त्यांनी काडी टेबलावर ठेवली. खिशात नाही, टेबलावर. मग हात लांब करून अँपचं बटण दाबलं आणि समोरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला दिसला तेव्हाच त्यांना कळलं की अँप बंद झाला आहे.