दूताची घोंगडी

आमच्या मामांइतका भांडकुदळ ख्रिस्ती माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. हे मामा खरं म्हणजे माझ्या बायकोचे. पण लग्नानंतर त्यांच्या स्वभावाचा एवढा मोठा वाटा माझ्या पदरात पडला की त्यांच्यावर माझाच हक्क जास्त आहे असं मी समजतो. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर. म्हसा, धसई, किन्हवली, डोळखांब, सगळ्या रस्त्यांवरचे खड्डे त्यांच्या ओळखीचे. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी चर्चच्या बाकावर बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेकवर असायचा. पाळकसाहेबांचा उपदेश मूळ मुद्दा सोडून भलत्या रस्त्याला लागला की तो पाय फरशीवर करकचून दाबला जायचा आणि पुढच्या बाकावरच्या बायका दचकून मागे बघायच्या. एकदा उपदेश फारच लांबला तेव्हा मामा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डेपो आला की उतरायचं असतं." पाळकसाहेब उतरले.

अशा माणसाने शास्त्रातल्या कोणत्या आज्ञेवर बोट ठेवावं? प्रभुभोजनाची भाकर घेण्याआधी ज्याच्याशी आपलं बिनसलं असेल त्याच्याशी समेट करून यावा, या आज्ञेवर! आमच्या लहानशा मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. आम्ही सगळे ही आज्ञा ऐकतो, माना डोलावतो, शेजारच्या बाकावर ज्याचं तोंड बघायची इच्छा नसते त्याच्याकडे पाठ करतो आणि खुशाल भाकरीचा तुकडा तोंडात टाकतो. मामांना ते जमायचं नाही. आदल्या शनिवारी सकाळी ते छत्री घेऊन निघायचे आणि महिनाभरात ज्यांच्याशी ज्यांच्याशी भांडण झालं त्या सगळ्यांच्या दारात जाऊन माफी मागून यायचे. अडचण एवढीच होती की मूळ स्वभाव बरोबरच असायचा. बाजारातल्या वाण्याकडे ते "शेंगदाणे खवट म्हनलो, माफ कर रे बाबा" असं सांगायला गेले, आणि जाता जाता सवयीनं एक दाणा तोंडात टाकला. "अरे, अजून खवटच हायत!" झालं. संध्याकाळी मामा पुन्हा वाण्याच्या दारात. वाणी तर शेवटी म्हणाला, "मामा, मी आधीच माफ केलं, पण दाण्याला हात लावू नका."

तरीसुद्धा सांगतो, या माणसाला प्रभुभोजनाची जेवढी ओढ होती तेवढी मी कुठल्या पाळकातही पाहिली नाही. नोकरीत असताना त्या रविवारची ड्यूटी बदलून मिळावी म्हणून त्यांनी सोबत्यांच्या दिवाळीच्या पाळ्या अंगावर घेतल्या. मामी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं, आणि मामा सुजलेल्या डोळ्यांनी बाकावर हजर होते. "घरात कोन नाय आता. हितं तरी पंगत हाय," म्हणाले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे आभार. जेवणाआधीची आमची प्रार्थना दोन वाक्यांत संपते. मामांची सुरू झाली की भात निवायचा. भात लावणारे, झोडणारे, गिरणीवाला, सिलेंडर जिना चढवून आणणारा, कोळीण, सगळ्यांसाठी देवाचे वेगवेगळे आभार. आणि आभारांतही भांडण. "प्रभू, त्या गिरणीवाल्याला आशीर्वाद दे, आन थोडी अक्कल पन दे, तांदळाची कनी लय पाडतो." माझ्या बायकोने एकदा विचारलं, "मामा, सगळं देवच देतो ना? मग त्याचे एकट्याचे मानले तर?" मामा उसळले. "गाडी टायमात पोचली की लोक माझ्यासमोर म्हनायचे, देवाची कृपा! अन उशीर झाला की म्हनायचे, डायवर कोन हाय? देवाच्या नावाखाली मानसाचं बुडवायचं, ह्यो कुठला धर्म गो?"

या बाबतीत मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे, आणि लिहिताना अजूनही माझं डोकं तापतं. आमच्या मंडळीत साक्ष देण्याची चढाओढ असते. मुलाला नोकरी लागली, देवाने दिली. मुलासाठी ज्याने साहेबाकडे चार खेपा घातल्या तो मागच्या बाकावर बसून ऐकत असतो, त्याचं नावसुद्धा निघत नाही. ऑपरेशन देवाने केलं; रक्त देणारा कुणाच्या लक्षातही नाही. देवाचे आभार मानणं फार सोयीचं, कारण देव कधी चहाला येऊन बसत नाही. माणसाचे आभार मानायचे तर त्याच्या दारात जावं लागतं, चप्पल काढावी लागते, खाली बसावं लागतं. तेवढे कष्ट कोण घेतो!

तर आमच्या मंडळीचे सेक्रेटरी. जाकीट घालून प्रार्थना करणारे गृहस्थ. त्यांच्या प्रार्थनेत देवाला इतकी विशेषणं लागतात की मागणं काय होतं ते शेवटी विसरायला होतं. ऐन श्रावणात ते तरुण संघाची सहल घेऊन सिद्धगडावर गेले. खाली रानातच शेवाळावरून घसरले आणि पाय मोडला. तरुण संघाने काय करावं? भोवती गोल करून प्रार्थना आणि अधूनमधून मोबाइलला रेंज येते का ते बघणं. शेवटी खालच्या वाडीतला चिंधू नावाचा शेतकरी आणि त्याची बायको हिरा आरडाओरडा ऐकून वर आले. हिराने घरातली घोंगडी आणली, चिंधूने बांबू तोडला, त्याला घोंगडीची झोळी बांधली, आणि नवरा पुढे, बायको मागे, असं त्या दोघांनी आमच्या भारदस्त सेक्रेटरींना निसरड्या पायवाटेनं सडकेपर्यंत उतरवलं. तरुण संघाने त्यांची चप्पल सांभाळली. सडकेवर गाडी आली आणि सेक्रेटरी घोंगडीसकट हॉस्पिटलात गेले.

भातकापणीनंतर आमच्याकडे आभारप्रदर्शनाची उपासना असते. तोवर पाय जुळला होता. सेक्रेटरी उभे राहिले आणि अर्धा तास बोलले. "त्या घोर अरण्यात प्रभूने माझ्यासाठी दूत पाठवला!" मंडळी "आमेन" म्हणाली. आणि मामा उठले.

"त्या दूताचं नाव काय?"

सेक्रेटरींना कळेना. "कोणाचं, मामा?"

"तुला खांद्यावरनं आनला त्याचं. नाव इचारलंस का? पाय बरा झाल्यावर परत गेलास का? चा तरी पाजलास का?"

"मामा, ही साक्ष देवाच्या गौरवासाठी आहे."

"मग कर की गौरव! प्रभूनं दहा कोडी बरे केले, आभार मानायला परत एकच आला. आन जो आला तो परकाच व्हता. तू त्या नवांतला हायस, बस खाली!"

चर्चमध्ये एवढा गोंधळ मी पूर्वी पाहिला नव्हता. उपासनेनंतर कमिटी बसली. ठरलं असं की मामांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, पण आपण चर्चची माणसं वाडीवर गेलो तर लोक म्हणतील धर्म बदलायला आले. दिवस बरे नाहीत. तेव्हा न गेलेलं बरं. दिवस बरे नाहीत हे मलाही कळतं. पण पाय मोडला तेव्हा कोणाला ही भीती वाटली नव्हती. आभार मानायची वेळ आली तेव्हाच बरी आठवली! मामांनी तिथंच सांगितलं, "ह्यो जाऊन येत नाय तवर मी प्रभूच्या मेजाला हात लावनार नाय. मनात राग ठेवून भाकर घ्यायची नाय मला." पुढच्या प्रभुभोजनाला ताट मामांपुढे आलं. त्यांनी भाकरीकडे पाहिलं, ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं.

मग आम्हीच दोघं सिद्धगडाखाली गेलो, म्हणजे बायकोने मला मामांबरोबर धाडलं. मामांच्या हातातली पिशवी बघून चिंधू दारातच म्हणाला, "पुस्तक आनलं आसल तर नको. आमाला आमचा देव हाय."

"अरे, पुस्तक कुठं? चकल्या हायत!" मामा ओरडले. त्या चकल्यांवर ओळख झाली. चिंधूला आम्ही कशाला आलो तेच समजेना. "पडला व्हता, उचालला. तेच्यात काय?" एवढंच त्याचं म्हणणं. हिरा मात्र चुलीपासून उठून बाहेर आली. तिचं बोलणं सरळ होतं. "माझी घोंगडी कुठं हाय? म्हशाच्या जत्रंत घेतली व्हती, नवीकोरी. थंडी आली. पोरी रातीला माझ्या लुगड्यात शिरत्यात."

परत येताना जीपमधून उतरून आम्ही थेट सेक्रेटरींच्या घरी गेलो. ओट्यावर त्यांचा कुत्रा ऐसपैस झोपला होता आणि त्याच्याखाली घोंगडी होती. सेक्रेटरींच्या बायकोने बिचारीने खरं ते सांगितलं, "हॉस्पिटलातून सामानाबरोबर आली. कोणाची ते ठाऊक नव्हतं. जाड होती, म्हणून मोतीला टाकली." त्यानंतर मामा जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, त्यात एसटीतली सगळी वर्षं होती. आणि खोटं कशाला बोलू, प्रत्येक शब्द मला पटला. सेक्रेटरी पांढरेफटक पडले. "दोन नवी ब्लँकेटं घेऊन देतो, मामा. तुम्ही पोचवा," म्हणाले.

"ब्लँकेटं मी आजच पोचवतो, माझ्या पैशानं. पोरी गारठल्यात. पन तिची घोंगडी तूच द्यायची. तुझ्या हातानं, तिच्या दारात."

ते गेले नाहीत. लाज वाटली म्हणा, पाय दुखतो म्हणा. तेव्हापासून प्रत्येक प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मामा त्यांच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे. "चल रे." आतून पडदा हलायचा, दार उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी ताट मामांपुढून तसंच पुढे जायचं. नाताळ असा गेला. पाळकसाहेबांनी समजावलं, माझ्या बायकोने रडून पाहिलं. मीही एकदा वैतागून म्हणालो, "मामा, एका घोंगडीपायी किती दिवस उपाशी राहणार?" ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "लय वाटतं रे घ्यावं. पन गळ्याखाली उतरनार नाय." मला त्या क्षणी सगळ्या मंडळीचा, सगळ्या साक्षींचा आणि माझ्या तोंडातल्या भाकरीचाही संताप आला.

चैत्रातल्या शनिवारी मामा असेच फाटकाशी उभे होते. ऊन रणरणत होतं. "चल रे" म्हणता म्हणता त्यांना भोवळ आली आणि ते रस्त्यावरच बसले. मी रिक्षा बघायला धावलो. मागे वळून पाहतो तर दार उघडं, आणि सेक्रेटरी लंगडत धावत आलेले. त्यांनी मामांच्या काखेत हात घातले, कसंबसं उचललं, चार पावलांवर दम लागून पुन्हा खाली ठेवलं. कपाळावरून घामाच्या धारा. "फार जड आहात हो, मामा," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मामा डोळे मिटूनच म्हणाले, "मी तर सपाट रस्त्यावर हाय."

सेक्रेटरी तिथेच, रस्त्यावर, मामांच्या शेजारी बसले. मग त्यांनी विचारलं, "संध्याकाळची जीप किती वाजता असते?"

घोंगडी सेक्रेटरींच्या बायकोने धुऊन वाळवून ठेवली होती. कधीपासून, ते तिलाच ठाऊक. मामा पाणी पिऊन ताजेतवाने झाले आणि आम्ही तिघं निघालो. चिंधूच्या दारात सेक्रेटरींनी घोंगडी दोन्ही हातांवर धरली आणि सुरुवात केली, "प्रभूने त्या दिवशी..." आणि थांबले. हिराने घोंगडी घेतली, उलगडून पाहिली. थंडी संपून गेली होती. ती काहीतरी बोलेल, चांगलं तोडून बोलेल, अशी मी मनापासून वाट पाहत होतो. ती म्हणाली, "पाय बरा का? बसा, चा ठेवते." माणूस हुंदके देऊन रडला. मामा तिकडे पाठ करून डोंगराकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पुढची खुर्ची सोडून मागे आमच्या बाकावर येऊन बसले. "जरा सरक की, आख्खा बाक काय तुझ्या नावावर हाय?" मामा खेकसले. ताट आलं. मामांनी आधी ते सेक्रेटरींपुढे धरलं आणि मग स्वतः तुकडा घेतला. किती तरी वेळ ते तो चघळत होते.

त्या वर्षी भाद्रपदात, भात पोटरीला आलं असताना मामा गेले. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त. कबरस्तानात पाळकसाहेबांनी सेक्रेटरींना प्रार्थना करायला सांगितली, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि फावडं मागून घेतलं. दुखऱ्या पायावर रेलत ते माती लोटत राहिले. चिंधू आणि हिरा कुठून तरी कळून आले होते. तेही वाकून हाताने माती टाकत होते. मंडळी हळूहळू पांगली. मी कोणाचा तरी राग यावा म्हणून आजूबाजूला पाहिलं. कोणाचाच आला नाही. तेव्हा मामा खरोखरच गेल्याचं मला कळलं.