सातव्याऐवजी आठवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही. ज्यांच्याबद्दल आहे त्या वनिताताईंना तर नाहीच — म्हणजे, गेल्या रविवारपर्यंत नाहीच.

पाच वर्षांपूर्वी चंद्रपुरात आमचे प्रमुख असलेले सर, वनिताताई आणि मी, अशा तिघांनी एका दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. एटापल्लीकडच्या क्षयरोग्यांना फोन जायचा, गोंडीतून निरोप ऐकू यायचा — गोळ्या चालू ठेवा, तपासणीला या, किंवा तुमचा कोर्स संपला. कुणाला कोणता निरोप, हे ताईंचा भाग ठरवायचा. तो आर नावाच्या संगणकभाषेत. फोन लावून निरोप ऐकवणारा भाग माझा, सी प्लस प्लसमधला. दोन्ही जोडायचं कामही मीच मागून घेतलं होतं. त्याची मला ऐट होती.

आर भाषा यादीतल्या पहिल्याला एक म्हणते. सी प्लस प्लस शून्य म्हणते. जोडताना एक वजा करायचा — पहिल्या वर्षातच शिकवतात. मी विसरलो. ताईंचा भाग 'सातवा' म्हणायचा, माझा आठव्याचा निरोप उचलायचा. बहुतेकांना निरोप सारखाच, गोळ्या चालू ठेवा. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमीबाई नावाच्या म्हातारीला मात्र फोन गेला, तुमचा कोर्स संपला. संपला होता यादीत तिच्या खालच्या माणसाचा. तिनं गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी गावातल्या आरोग्यसेविका आशाताई घरी गेल्या, तेव्हा म्हातारीला उठवत नव्हतं.

ही बातमी आली त्याच सकाळी चूक मला सापडली होती. दुपारी सर म्हणाले, यादीच्या भागातच, म्हणजे ताईंच्या, गडबड दिसते. आणि मी — मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं स्वतःला समजावत होतो की काय? मग एक ओळ दुरुस्त केली आणि दुरुस्तीच्या नोंदीत स्वतःच्या हातानं लिहिलं: यादीच्या भागातली चूक काढली.

याहून वाईट पुढेच आहे. ताई आपला कोड पुन्हा पुन्हा तपासत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मले तं काईच सापडून नाई राह्यलं. तूच पाय बरं एकदा."

मी पाहिलं. पाहिल्याचं नाटक केलं.

दोन महिन्यांत त्या नोकरी सोडून कुरखेड्याला गेल्या, कॉलेजात शिकवायला. सोमीबाईंचे उपचार पहिल्यापासून सुरू झाले. उशिरा का होईना, त्या बऱ्या झाल्या. आणि प्रोग्रामबद्दल शाबासकी मला मिळाली.

गेल्या आठवड्यात आणखी काही गावं जोडायची म्हणून तो प्रोग्राम उघडला. ती नोंद तशीच होती. रविवारी कुरखेड्याची एसटी पकडली.

ताई अंगणात धान पसरत होत्या. मी सगळं सांगितलं. बराच वेळ त्या हातानं धान सारखं करत राहिल्या.

"पाच वर्षं मी दुसऱ्याचा कोड तपासाले भेत होती," त्या म्हणाल्या. मग विचारलं — "सरायले सांगतलं?"

"नाही."

"मंग आधी थे कर. मंग नवी यादी घेऊन माह्याकडं ये. त्याच्यात लय सुधरवाचं हाये."

माफी त्यांनी दिली नाही. काम दिलं.

सोमवारी सरांना सांगितलं. जुन्या नोंदीखाली नवी लिहिली: चूक जोडात होती, जोड मी केला होता. यादी ताईंकडे पाठवली.

उद्या एटापल्लीला जातोय. सोमीबाईंना मराठी कळत नाही. आशाताईंकडून फोनवर एक वाक्य गोंडीत शिकून घेतलंय — चूक माझी होती. त्यापुढचं मला येत नाही.