कोंडाबाईनं मृत्युपत्र केलं त्याची हकीकत

प्रेमची सावत्र आई असं कोंडाबाईला तोंडावर म्हणायची छाती भूम तालुक्यातल्या त्या वाडीत कुणाला झाली नव्हती. ते धाडस केलं तलाठ्यानं, आणि तेही बिचाऱ्यानं कायदा सांगायच्या भरात.

माहेरून कोंडाबाईच्या वाट्याला दोन एकर जमीन आली होती. तिचा सातबारा काढायला ती चावडीवर गेली होती. उतारा हातात पडल्यावर तिनं सहज विचारलं, "माझ्यामागं ह्याच्यावर कुणाची नावं लागत्याल, सायेब?"

"तुमच्या शिवकन्याचं आन् हरिबांचं."

"आन् प्रेमचं?"

"प्रेम हरिबांच्या पहिल्या बायकोचा. तुमचा सावत्र. कायद्यानं तो तुमचा वारस होत न्हाय, मावशी."

कोंडाबाई उताऱ्याची घडी घालत तशीच उभी राहिली. चोवीस वर्षांपूर्वी, पहिला नवरा वारल्यावर, दोन वर्षांच्या शिवकन्याला कडेवर घेऊन ती पाट लावून हरिबाच्या घरात आली. हरिबाची पहिली बायको आजारपणात गेलेली. तीन वर्षांचा प्रेम कोकरांत कोकरासारखाच वाढत होता. आल्या दिवशी त्यानं तिच्या पदराला नाक पुसलं आणि नातं तिथंच ठरून गेलं. त्याला गोवर निघाला तेव्हा त्याला पाठीशी बांधून ती दवाखान्यापर्यंत चालत गेली होती. आता तो धाराशिवला वायरमन होता आणि फोनवर पहिला प्रश्न "आई, जेवलीस का?" हाच विचारायचा. आणि हा म्हणे वारस न्हाय!

"मग त्याला द्यायचं आसंल तर?"

"मृत्युपत्र करा. तुमची जमीन हाय. कुणालाबी देता येती."

हरिबाला सांगावं का नाही, ह्यात तिचे दोन दिवस गेले. मरणाचा विषय निघाला की तो उठून मेंढरांकडं जायचा. शिवाय आपल्या पोराला दिलं म्हणून तो उपकार मानत बसला असता, ते तिला नकोच होतं. मग बाजाराच्या दिवशी "मिरच्या आणते" असं शेजारी सांगून ती भूमच्या एसटीत बसली. हरिबा "मेंढरांचं औषध आणतो" म्हणून पहिल्याच गाडीनं गेला होता.

अर्पिता वकीलबाईंच्या कचेरीचा जिना चढून ती दारात आली आणि थबकली. आत बाकावर, पटका मांडीवर ठेवून, हरिबा बसला होता.

"तू हितं?"

"आन् तुमी?"

"औषध..."

"मिरच्या..."

वकीलबाईंनी कागदावरनं मान वर केली. "ह्या दोन्ही गोष्टी माझ्याकडं मिळत नाहीत. बसा, मावशी."

मग हळूहळू उलगडलं. हरिबानं मेंढरांच्या जिवावर स्वतः घेतलेली तीन एकर होती. त्याचा दोस्त महारुद्र त्याला बोलून गेला होता की, तू गेलास तर शिवकन्याला त्यातलं ढेकूळसुद्धा मिळायचं नाही. म्हणून निम्मी जमीन पोरीच्या नावानं लिहायला हरिबा आला होता.

कोंडाबाईला हसू आवरेना. "म्या तुमच्या पोराला द्याया आले, आन् तुमी माझ्या पोरीला!"

"माझं तुझं काय करतीस?" हरिबा खेकसला, पण पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

दोघांचे दोन वेगळे कागद ठरले. जमिनीचं चुटकीसरशी झालं: त्याची आणि तिची, दोन्ही पोरांना निम्मी निम्मी. अडलं ते घरावर. घर हरिबाच्या नावचं. तो म्हणाला, "पोरांना निम्मं निम्मं."

"आणि तुमच्यामागं मावशी कुठं राहणार?" वकीलबाईंनी विचारलं.

"घरातच की! पोरं काय हाकलत्यात व्हय?"

"पोरं नाही हाकलणार. पण उद्या सून येईल, जावई काही बोलेल. लिहून ठेवलं की बोलायला जागा राहत नाही."

हे हरिबाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग लिहायचं ठरलं की कोंडाबाईनं हयातभर घरात राहावं, तोवर ते कुणी विकू नये, आणि तिच्यामागं ते दोघा पोरांचं.

"आन् म्याच आधी गेले तर?"

"तू कशी जाशील? म्या चार वर्सांनी मोठा हाय."

"तितं काय लायनीत उभं ऱ्हायचं आसतंय?"

वकीलबाई लिहिता लिहिता खुदकन हसल्या.

ज्यांना मिळणार त्यांनी साक्षीदार व्हायचं नसतं, हे कळल्यावर सह्यांना महारुद्र आणि वाडीच्या शाळेतले गुरुजी आले. आठ दिवसांनी नोंदणीच्या कचेरीत अंगठ्यांचे ठसे झाले, फोटो निघाले. सहीच्या जागीही कारकुनानं शाईचा पॅड पुढं केला, तो कोंडाबाईनं बाजूला सारला. "सई येती मला." ती सही होईतो कारकुनाचा चहा पिऊन झाला.

पुढल्या रविवारी चौघं सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेले. शिवकन्या उमरग्याहून आली होती. तिथं ती एका दवाखान्यात नर्स होती. दर्शन झाल्यावर लिंबाखाली भाकरी सोडल्या आणि हरिबानं सगळं सांगून टाकलं.

शिवकन्या म्हणाली, "मला नको, आबा. मी दादाला हक्कसोड करून देते."

प्रेमचा घास हातातच राहिला. "मी मागितलं का तुला?"

"बहिणी देतातच की."

"मग आईची जमीन मीबी सोडतो!"

"तू कशाला सोडतोस?"

"तू सोडतीस म्हणून!"

आवाज इतका चढला की नारळ विकणारी बाई वाकून बघायला लागली. जमीन नको म्हणून भांडणारी भावंडं तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिली.

"गप बसा दोघंबी!" कोंडाबाई कडाडली. "आमी दोघं आजून जित्ती हाव. कुणी कायबी सोडायचं न्हाय. ज्याचं त्याच्या नावावर ऱ्हावं, पेरायचं मातर एका पाभरीनं."

हरिबानं मान डोलावली आणि चटणी मागितली.

गोष्ट वाडीत पसरायला वेळ लागला नाही. पंधरा दिवसांत सारजाबाई दारात आली. तिचंही दुसरं लग्न, घरात दोन्हीकडची लेकरं. "मला त्या वकीलबाईचा जिना दाव गं," म्हणाली. मागनं नीलम्मा आली, मग आणखी एक. कोंडाबाई प्रत्येकीला सोबत घेऊन जाते, एसटीतच तिला घराचं कसं लिहायचं ते समजावते, आणि उतरताना बजावते, "आदी तुझं ऱ्हायचं बघ, मग पोरांचं."